टाकी थांब्यावर चढलेले लोक

३ मार्च, सोमवार

आजपासून पुन्हा नोकरी. चार आठवड्यांचीच, पण नोकरी. वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन सात महिने झाले आणि या सात महिन्यांत मी घराला हातभार लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्यावर रिकाम्या वजनाची चिठ्ठी लावली. दूधवाल्याचं माप तीनदा तपासलं. तो आता आमच्याकडे येत नाही. ट्राम महामंडळाची जाहिरात हिनेच कापून माझ्या कपाखाली ठेवली होती. तुमच्यासारखा माणूस घरात वाया जातोय, म्हणाली. इतक्या वर्षांत तिने माझी अशी कदर केल्याचं आठवत नाही.

काम मोजणीदाराचं. घरापासून लोकलने मोठ्या स्टेशनात यायचं, तिथे जिना चढून ट्रामच्या फलाटावर जायचं आणि हिरव्या मार्गिकेने थेट शेवटच्या थांब्यावर. तिथे जुनी पाण्याची टाकी आहे, म्हणून थांब्याचं नावही टाकी. फाट्यापासून टाकीपर्यंतचे चार थांबे बंद करायचा महामंडळाचा विचार आहे, कारण तिकडे माणसंच नाहीत म्हणे. वीस दिवसांत टाकीवर सहा हजार माणसं चढली तर ट्राम राहील, नाही तर रूळ उखडणार. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी फलाटावर उभा राहायचं, हातात मुठीएवढं यंत्र, माणूस चढला की अंगठ्याने दाबायचं. ट्राम राहते की जाते याच्याशी मला कर्तव्य नाही. आकडा बरोबर आला पाहिजे.

एक नोंद: थोरल्या मेव्हणीचं दुकान टाकीच्या मागच्या गल्लीत आहे. तिच्याशी आमचं नऊ वर्षं बोलणं नाही. मी त्या गल्लीकडे पाठ करूनच उभा राहतो.

५ मार्च, बुधवार

ही आज दहाच्या ट्रामने उतरली. तिचा भरतकामाचा वर्ग टाकीजवळच आहे. आठवड्यातून तीनदा असतो. मोठ्या शहरात वर्गाला नेमकी इथेच जागा मिळावी हा योगायोगच. हातात नेहमीचा डबा होता. वर्गाची बाई फार खादाड असली पाहिजे, कारण डबा चार पुडांचा असतो आणि परत येतो तो धुतलेला.

कामावर असताना प्रवाशांशी बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी तिला ओळख दाखवली नाही. एक वाजता ती परत चढली. दाबलं. एक.

७ मार्च, शुक्रवार

पहिल्या आठवड्याचा आकडा एक हजार दोनशे बारा. दिवसाला तीनशे हवेत, पडतात अडीचशेच्याही आत. टाकीचं काही खरं नाही.

जेवताना हिला सांगितलं. एरवी माझ्या कामाबद्दल बोलायला लागलो की तिला ओट्यावरची कामं आठवतात. आज मात्र ताट पुढे तसंच ठेवून ऐकत होती. प्रवासी म्हणजे नक्की कोण, असंही विचारलं. मी नियमावलीच काढली. दोन्ही पाय आत आणि दार बंद, की झाला प्रवासी. कुठे उतरतो याच्याशी संबंध नाही.

"आणि एकच माणूस दोनदा चढला तर?" तिने विचारलं.

"दोन," मी म्हणालो. "यंत्र तोंड बघत नाही."

मग तिने मला आणखी वाढलं. संसाराच्या चौतीस वर्षांत माझ्या कामात तिला असा रस वाटावा, याचं समाधान शब्दांत मांडता येत नाही.

११ मार्च, मंगळवार

कमाल आहे. काल तीनशे दोन, आज तीनशे अकरा. मी शनिवारी स्वखुशीने जाऊन थांब्यावरची वेळापत्रकाची काच ओल्या फडक्याने पुसून काढली होती. लोकांना गाड्यांच्या वेळा वाचताच येत नव्हत्या. साध्या साध्या गोष्टी असतात, पण वरच्यांना त्या सुचत नाहीत. तसं पत्र महामंडळाला टाकलं आहे.

१३ मार्च, गुरुवार

गर्दी टिकून आहे. काही निरीक्षणं लिहून ठेवतो, पुढे अहवालाला उपयोगी पडतील.

या भागात हिरव्या कोटाची फॅशन आलेली दिसते. सकाळपासून नऊ बायका हिरव्या कोटात चढल्या.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा धंदा जोरात आहे. दहा-दहाला गेला, दहा-चाळीसला गेला, अकरा-दहालाही गेला. बहुधा दुसरीकडे शाखा उघडली असावी. तीनही वेळा त्याने मला हात केला. मी केला नाही.

प्राथमिक शाळेच्या बाईंनी अख्खा वर्ग ट्रामच्या सहलीला नेला. बावीस मुलं. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा नेला. शिक्षण असंच असावं.

शिवाय लोकांना चालण्याची आवड लागली आहे. टाकीच्या आधीचा थांबा मैदान. तिकडून मोकळ्या मैदानातून माणसांची रांग दिवसभर टाकीकडे येताना दिसते. हवा चांगली आहे म्हणा.

१४ मार्च, शुक्रवार

यंत्रावर दोन हजार सातशे बेचाळीस. मैदान थांब्यावर उतरणारे मोजायला दुसरे गृहस्थ आहेत. डबा खाताना भेटले. ते म्हणाले त्यांच्याकडे उतरायला इतकी झुंबड आहे की अंगठा सुजलाय. मैदानात काय आहे, असं मी विचारलं. काही नाही, मैदानच आहे, म्हणाले.

हिचा भरतकामाचा वर्ग आता रोज असतो. परीक्षा जवळ आली आहे.

१८ मार्च, मंगळवार

आज पर्यवेक्षक बाई आल्या. चाळिशीच्या, पायात कामाचे बूट, बोलणं मोजकं. अर्धा तास माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, काका, हे न्हावी मी आल्यापासून दोनदा गेले.

मी म्हणालो, गेले असतील.

त्यांनी विचारलं, तीच तीच माणसं फिरून येतायत असं तुम्हाला नाही वाटत? मला राग आला. एकतीस वर्षं मी सरकारचे काटे तपासले. किराणा, सोनार, रद्दीवाला, कोणाचीही गय केली नाही. सख्ख्या मेव्हणीची केली नाही. मी त्यांना फॉर्म दाखवला. रकाना आहे 'चढलेले', 'कोण चढलेले' असा रकानाच नाही. त्या हसल्या की खोकल्या ते कळलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की रकाना नसला तरी डोळे उघडे ठेवायला हरकत नाही.

अपमानच तो. उद्या तोंडं बघून मोजतो आणि त्यांना दाखवून देतो.

१९ मार्च, बुधवार

दाखवून द्यायला काही उरलेलं नाही.

आज तोंडं बघितली. न्हावी पाच वेळा. शाळेच्या बाई वर्ग घेऊन तीन वेळा. हिरवा कोट एकच आहे, तो बायका आळीपाळीने घालतात. पुढच्याच थांब्यावर, मैदानला, उतरायचं, मैदानातून चालत परत यायचं, पुन्हा चढायचं.

आणि ही. ही सात वेळा चढली. तिचे गुडघे इतके दुखतात की घरात ती माळ्यावरचं काही काढायला मला हाक मारते. सातव्या वेळी ती मैदानातून येत होती तेव्हा दर वीस पावलांवर थांबत होती. मी यंत्र हातात धरून बघत होतो. ट्राम आली, ती दांड्याला धरून चढली, दार बंद झालं. मी दाबलं. सात.

२० मार्च, गुरुवार

काल रात्री झोप नाही, म्हणून सकाळी चहाच्या वेळीच विचारलं. भरतकाम दाखव, म्हटलं. दोन वर्षं वर्गाला जातेस, एखादा रुमाल तरी असेल.

तिने गॅस बंद केला आणि समोर बसली.

"मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. मी ताईकडे जाते. आधी आठवड्यातून एकदा जायचे. पाच महिन्यांपूर्वी ती जिन्यात पडली, कंबरेचं हाड मोडलं. तिला घरात दुसरं कोणी आहे का? दुकान मी उघडते, तिचा व्यायाम मी घेते, खायला मी घालते. ट्रामला पायरी नाही म्हणून मला जमतं. ट्राम गेली तर दोन बस बदलाव्या लागतील, आणि ते माझ्याने होणार नाही. म्हणजे ती एकटी पडेल."

मला का सांगितलं नाहीस, असं मी म्हणालो. म्हणजे म्हणालो असं वाटतं.

"तुम्ही तिचा काटा सील केलात."

ही गोष्ट इथे लिहायलाच हवी. मेव्हणीचं खिळे-स्क्रूंचं दुकान आहे, नवऱ्यामागे तिने एकटीने चालवलेलं. नऊ वर्षांपूर्वी वार्षिक तपासणीत तिचा काटा किलोमागे आठ ग्रॅम चुकीचा निघाला. मी अकरा दिवस सील ठोकलं. ती म्हणाली, भावोजी, आठ ग्रॅम गिऱ्हाइकाला जास्त जातात हो, कमी नाही. मी म्हणालो, चूक ती चूक. त्यावर तिने मला दुकानाबाहेरचा रस्ता दाखवला. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही, म्हणाली. मी तो शब्द पाळला आहे.

ही उठताना म्हणाली, "सगळ्या जगाचं तपासलंत. स्वतःचं कधी काही तपासलंत?"

मला हे आधीपासून माहीत होतं असं इथे लिहायला आवडलं असतं. पण खरंच माहीत नव्हतं. डबा चार पुडांचा होता, तरी माहीत नव्हतं.

२१ मार्च, शुक्रवार

दिवसभर उभा राहून नियमावली मनात घोळवली. कुठे तरी खोट सापडेल असं वाटत होतं. सापडत नाही. दोन्ही पाय आत आणि दार बंद. ते सगळे प्रवासी आहेत. तिकीट काढून, कायदेशीर, एकूण एक. माझ्या उभ्या आयुष्यात नियमाने पहिल्यांदाच माझ्या बायकोची बाजू घेतली आणि ते नेमकं मला आत्ता कळतंय.

फॉर्मच्या 'शेरा' रकान्यात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'बरेच प्रवासी एकाच दिवशी अनेकदा चढतात. त्यांत मोजणीदाराची पत्नी आहे.' लपवाछपवी मला जमत नाही. शिवाय शेऱ्याचा रकाना कोणी वाचत नाही, हा मला एकतीस वर्षांचा अनुभव आहे.

यंत्रावर चार हजार तीनशे सत्याण्णव. घरी जेवताना हिला सांगितलं की सोमवारपासून फलाटावरच्या बाकावर बसत जा, दोनदाच चढलीस तरी चालेल, बाकीच्यांचं बघून घेतील. तिने मान हलवली. सोमवारी तरीही पाचदाच चढेल, मला ठाऊक आहे.

२५ मार्च, मंगळवार

पाचदाच चढली. आजही.

न्हाव्याने हात केला. मीही केला. तो इतका दचकला की ट्राम चुकली त्याची. त्याचा एक आकडा माझ्यामुळे गेला.

२७ मार्च, गुरुवार

यंत्रावर पाच हजार सातशे बारा. उद्या शेवटचा दिवस, दोनशे अठ्ठ्याऐंशी हवेत. रोज सव्वातीनशे होतात. म्हणजे झालंच.

घरी येऊन पेढी मांडल्यासारखा टेबलापाशी बसलो. हिचं ते बोलणं आठवडाभर डोक्यातून जात नव्हतं. स्वतःचं काय तपासणार? माझ्याकडे स्वतःचं म्हणून मोजायचं एकच साधन आहे, तेही महामंडळाचं. मग तेच तपासलं. एका हाताने यंत्र दाबायचं आणि दुसऱ्या हाताने कागदावर रेघ ओढायची. नव्व्याण्णवपर्यंत सुरळीत. शंभराव्या दाबाला यंत्र एकदम एकशे एक. पुन्हा केलं. प्रत्येक शेकड्याला एक आकडा उडी मारतं.

एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात शिरल्या शिरल्या मी पहिला प्रश्न विचारायचो तो हाच: काटा कधी तपासला होता? आणि हे यंत्र मी एकोणीस दिवस न तपासता वापरलं. माझ्या हाताखालच्या माणसाने असं केलं असतं तर त्याला मी उभा सोलला असता.

सत्तावन्न शेकडे, सत्तावन्न खोटी माणसं. खरा आकडा पाच हजार सहाशे पंचावन्न. उद्या दोनशे अठ्ठ्याऐंशी नाही, तीनशे पंचेचाळीस हवेत. इतके एका दिवसात कधीही झालेले नाहीत.

हिला सांगितलं. तिने यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं.

"नियमात काय लिहिलंय?"

"यंत्रावरचा आकडा नोंदवावा, असं."

"मग नोंदवा की. कोणाला कळणार आहे?"

"मला."

मला वाटलं ती रडेल, नाही तर डबा आपटेल. तिने नुसता सुस्कारा टाकला, सत्तावन्न का, असं पुन्हा विचारून घेतलं आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. तासभर बोलत होती. मी लाख गरम करून यंत्राच्या बटणावर सील ठोकलं. शिक्का नव्हता, म्हणून अंगठाच उमटवला.

२८ मार्च, शुक्रवार

सविस्तर लिहितो.

आठ वाजता पर्यवेक्षक बाईंना फलाटावर सील केलेलं यंत्र आणि हिशेबाचा कागद दिला. त्यांनी कागद दोनदा वाचला. काका, तुम्ही वेडे आहात का, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं, पण तोंडाने म्हणाल्या ते एवढंच की मग आज हाताने मोजा, मी साक्षीला थांबते. मी पाटीवर कागद लावला. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.

दुपारपर्यंत एकशे साठ. पाच वाजता दोनशे चौऱ्याण्णव. शाळेच्या बाईंच्या वर्गाला घरी सोडावंच लागलं, मुलं दमली होती. साडेपाचच्या ट्रामनंतर तीनशे एकोणतीस. शेवटची ट्राम पाच-पन्नासची. सतरा माणसं हवी होती म्हणायला हरकत नाही, खरं तर सोळा, पण माझी वजाबाकी धड होत नव्हती. मोजणीदाराला कशाशी कर्तव्य नसतं असं मी याच वहीत लिहिलं आहे. ते खोडत नाही. पण आज मला ती ट्राम हवी होती.

मैदानातून रांग आली. हिरवा कोट, त्याच्यामागे बाकीचे, धापा टाकत. न्हावी त्यांच्यात नव्हता. चौदा चढले. तीनशे त्रेचाळीस. ही फलाटावर नव्हती.

मग ज्या गल्लीकडे मी पाठ करून उभा राहतो तिथून चाकांचा आवाज आला. न्हावी चाकांची खुर्ची ढकलत होता आणि ही शेजारून चालत होती. खुर्चीत थोरली मेव्हणी. केस सगळे पांढरे झालेत. पाच महिन्यांनी घराबाहेर पडली होती, आणि अंगावर लग्नाला जावं तसे इस्त्रीचे कपडे.

ट्रामच्या दारापाशी तिने हात वर करून खुर्ची थांबवली. चालक थांबला. नऊ वर्षांनी तिने माझ्याकडे बघितलं.

"भावोजी, यंत्र तपासलंय ना?"

"तपासलं. जास्त दाखवत होतं."

"कोणाच्या फायद्याचं जास्त?"

"तुमच्या."

"मग काय केलंत?"

"सील केलं."

ती माझ्या हातातल्या पाटीकडे बघत राहिली, रेघांकडे. मग मान मागे वळवून हिला म्हणाली, "म्हणजे मी नऊ वर्षं उगाच मनाला लावून घेतलं. हा माणूस सगळ्यांना सारखाच छळतो." आणि हसायला लागली. कंबर दुखत असणार, तरी हसत होती.

नियमाप्रमाणे प्रवाशांशी बोलायचं नाही. बोललो. माझ्याकडून चूक झाली, ताई, असं म्हणालो. कोणती चूक ते तिने विचारलं नाही आणि मीही खुलासा केला नाही, कारण सील ठोकणं ही चूक नव्हतीच. नंतर नऊ वर्षं पाठ फिरवणं ही होती.

खुर्ची आत गेली. तीनशे चव्वेचाळीस. ढकलणारा न्हावी, तीनशे पंचेचाळीस. ही शेवटी चढली, दांड्याला धरून. दार बंद झालं. तीनशे सेहेचाळीस.

एकूण सहा हजार एक. पर्यवेक्षक बाईंनी रेघा स्वतः मोजल्या आणि सही केली. वरच्यांना हे पटेल का, असं पुटपुटल्या. पटवून देणं आमच्या कामात येत नाही, मी म्हणालो.

११ एप्रिल, शुक्रवार

महामंडळाचं पत्र आलं. टाकीपर्यंतची सेवा चालू राहील. पुढे लिहिलं आहे की मोजणीतून असं दिसलं, की संपूर्ण मार्गिकेवर सर्वांत वर्दळीचा टप्पा टाकी ते मैदान हा आहे, सबब या दोन थांब्यांदरम्यान दर आठ मिनिटांनी एक जादा ट्राम सोडण्यात येईल. वेळापत्रकाची काच पुसल्याबद्दल माझे विशेष आभार. शेऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

१२ एप्रिल, शनिवार

हिच्याबरोबर टाकीला गेलो. लोकलमध्ये खिडकी मिळाली, मोठ्या स्टेशनात जिना चढताना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून चढली. हिरव्या मार्गिकेची गाडी बरीचशी रिकामी होती. जादा ट्राम शेजारून दोनदा गेली, तिच्यात चिटपाखरू नव्हतं. डबा मी धरला होता. बराच जड असतो तो.

मेव्हणी गल्ल्यामागे खुर्चीत बसली होती. ये म्हणाली नाही, बाहेर हो असंही म्हणाली नाही. काय हवंय, म्हणाली. मला काहीच नको होतं. पाव किलो खिळे द्या, म्हटलं, दीड इंची.

तिने वजन टाकलं, खिळे टाकले. तोच जुना काटा. आता अचूक आहे, दोन्ही पारडी एका रेषेत आली. मी बघितलं आणि मी बघतोय हे तिने बघितलं. मग तिने बरणीत हात घालून आणखी चार खिळे उचलले आणि माझ्या पारड्यात टाकले. पारडं खाली गेलं.

"बरोबर आहे ना, भावोजी?"

ही कपाटापाशी डबा उघडत होती. तिचा हात थांबला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

घरी आल्यावर खिळे मोजले नाहीत.